आंबील ओढ्याचा नकाशा करताना

कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा आंबील ओढा मोबाइलवरच्या कुठल्याही नकाशात सापडतो. कात्रजचे तलाव, धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर, पर्वतीचा पायथा, दांडेकर पूल असा वाहत येऊन तो मुठा नदीला मिळतो. पण नकाशात दिसते ती एक बारीक निळी रेघ. रस्ते, दुकानं आणि बसथांब्यांच्या गर्दीत ती चटकन हरवते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री झालेल्या पावसाने या ओढ्याला असा पूर आला, की काठच्या सोसायट्या आणि वस्त्यांमध्ये पाणी भिंती पाडत घुसलं. त्या रात्री पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली.

त्या पुरानंतर माझ्या भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी वर्गात विचारलं, "मॅडम, पाणी नेमकं तिथेच का शिरलं?" उत्तर एका वाक्यात देता आलं असतं: ओढा अरुंद झाला, पाऊस जास्त पडला. पण भूगोल शिकवणाऱ्या माणसाने जागा दाखवून उत्तर द्यायला हवं. त्या जागेचा उतार काय, तिथे पूर्वी काय होतं, वस्ती कधी आली आणि पाणी कुठवर चढलं, हे सगळं एकाच ठिकाणी, एकमेकांवर ठेवून बघायला हवं. कागदी नकाशात एवढं मावत नाही. म्हणून आम्ही थरांचा वेब नकाशा करायचं ठरवलं. कुणीही मोबाइलवर उघडावा, हवा तो थर लावावा, नको तो काढावा.

साधनं सगळी फुकट मिळणारी होती. संगणकावर नकाशाचं काम करायला क्यूजीआयएस, जे २००२ पासून जगभरचे लोक मिळून घडवत आले आहेत. पायाला ओपनस्ट्रीटमॅप, २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्टने सुरू केलेला, कुणालाही भर घालता येईल असा जगाचा नकाशा. आणि तयार झालेलं वेबवर दाखवायला लीफलेट, व्होलोदिमिर अगाफोन्किन या युक्रेनियन प्रोग्रॅमरने २०११ मध्ये आणलेली छोटीशी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. ज्यांना कोडची एक ओळही लिहायची नाही, त्यांच्यासाठी यूमॅप आहे. माउसने रेघा ओढायच्या, ठिपके ठेवायचे, थरांना नावं द्यायची आणि दुवा पाठवून द्यायचा. कायद्याची वाटही मोकळी झाली आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर भारतीय व्यक्तीला वा संस्थेला अशी माहिती गोळा करायला आणि प्रसिद्ध करायला आधी परवानगी घ्यावी लागत नाही. संवेदनशील बाबींची बंधनं तेवढी पाळायची.

पहिलं काम पायाचा नकाशा फिका करण्याचं. ओपनस्ट्रीटमॅपचा नेहमीचा अवतार रंगीबेरंगी असतो. रस्ते पिवळे-केशरी, बागा हिरव्या, इमारती मातकट. त्यावर निळा ओढा ठेवला तर तो पुन्हा गर्दीतच जातो. म्हणून आम्ही राखाडी, फिकट पाया घेतला. मग नावं. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक जागेला मराठी नावासाठी वेगळा रकाना असतो, पण ओढ्याकाठच्या कित्येक जागांचा तो रिकामा होता. विद्यार्थ्यांनी बसून तो भरला. ही भर आमच्या नकाशापुरती राहिली नाही, मूळ नकाशात गेली. पुढे जो कुणी त्यावर काही उभं करेल, त्याला ती आयती मिळेल.

सगळ्यात खालचा थर उताराचा. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानातल्या रडारने पृथ्वीचा चढउतार मोजला. त्या एसआरटीएम मोहिमेची माहिती सगळ्यांना खुली आहे. साधारण तीस मीटरच्या एकेका चौकोनाची उंची त्यात मिळते. क्यूजीआयएसला ती दिली की पडलेलं पाणी कुठून कुठे वाहील आणि कुठे एकत्र येईल, याचं गणित ते करून देतं. आमच्या पडद्यावर आंबील ओढा आपोआप उमटला. त्याच्याबरोबर उमटले त्याला दोन्ही बाजूंनी येऊन मिळणारे लहान ओहोळ. त्यांतले बरेचसे आज रस्त्यांखाली, इमारतींच्या आवारांत गेले आहेत. ओहोळ दिसेनासे झाले तरी जमिनीचा उतार तोच आहे. पाऊस जोरात आला की पाणी त्या उतारानेच जातं. मात्र तीस मीटरच्या चौकोनात शहर नीट पकडता येत नाही. रडार दाट वस्तीत जमिनीऐवजी छपराची उंची धरतं. त्यामुळे डोंगरउतारावर हा थर जितका भरवशाचा, तितका पेठांमध्ये नाही. ही मर्यादा आम्ही थराच्या नावाखालीच लिहून टाकली.

दुसरा थर पेशवेकाळच्या पाण्याचा. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथून शहरात पाणी आणलं गेलं. जमिनीखालून विटा-दगडांचा बांधीव नळ, माणूस आत उतरून साफ करू शकेल एवढा मोठा. वाटेत हवा खेळती राहावी म्हणून जागोजागी उच्छ्वास. शहरात पोहोचल्यावर त्याच्या शाखा होत होत पाणी हौदांत पडायचं. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, साततोटीचा हौद ही नावं पुणेकर आजही पत्ता सांगताना वापरतात. पुढे नाना फडणवीसांनी आंबेगावहून आणि सरदार रास्त्यांनी कोंढव्याहून वेगळे नळ आणले. १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या नळांची हकिकत आहे. सगळं पाणी उताराने, पंपाशिवाय.

याच काळात पर्वतीच्या पायथ्याशी ओढ्याला बांध घालून तळं केलं गेलं आणि ओढ्याचा शहरातून जाणारा मूळ प्रवाह पश्चिमेकडे वळवला गेला. १७८४ मध्ये तळ्यातल्या बेटावर गणपतीचं देऊळ झालं. आज ते तळं नाही, तिथे सारसबाग आहे. देवाचं नाव मात्र तळ्यातला गणपतीच राहिलं आहे. शहर वाढलं तसा ओढा माणसाने हलवला, हे नकाशात दाखवायचं तर ओढ्याच्या दोन वाटा लागतात: आजची आणि पूर्वीची.

या थरासाठी पेठांमध्ये फिरताना एक वाडा पाहिला. दिंडी दरवाज्यातून आत गेल्यावर चौक, चौकाच्या कोपऱ्यात शहाबादी फरशी. घरातले आजोबा चप्पल काढून त्या फरशीवर उभे राहिले आणि टाच आपटून म्हणाले, "ऐका. पोकळ आहे की नाही? खाली हौद आहे. आम्ही लहानपणी याच्यातलं पाणी काढायचो. कात्रजचं पाणी यायचं." शेजारच्या कोनाड्याजवळ त्यांनी दगडी कड दाखवली. दोरीने घासून त्यावर खोल खाचा पडल्या होत्या, बोट बसेल एवढ्या. एका विद्यार्थिनीने खाचांचा फोटो घेतला, दुसऱ्याने मोबाइलवर जागा नोंदवली. वाड्यांच्या अरुंद बोळात उपग्रहाचा संकेत नीट येत नाही आणि ठिपका शेजारच्या घरावर पडतो. म्हणून आम्ही रस्त्यावर मोकळ्या जागी येऊन जागा नोंदवली आणि तिथून अंतर टेपने मोजून ठिपका हाताने बसवला.

हौदाची जागा अशी पक्की करता येते. दोन हौदांमधला नळ कुठून जातो, हे मात्र वरून दिसत नाही. आजोबांचं म्हणणं एक, शेजारच्या वाड्यातल्या काकूंचं दुसरं. सॉफ्टवेअरला याचं काही नाही. दोन ठिपक्यांवर क्लिक केलं की ते ठसठशीत रेघ काढून देतं. बघणाऱ्याला ती रेघ आणि मोजून काढलेली रेघ सारखीच दिसते. वेब नकाशाचा खरा धोका इथे आहे, असं मला या कामाने शिकवलं. हातात खात्री असो वा नसो, पडद्यावर रेघ सारख्याच विश्वासाने उमटते. म्हणून आम्ही नियम केला. प्रत्यक्ष पाहिलेलं आणि मोजलेलं असेल तर सलग रेघ, लेखी आधार असेल पण जागेवर काही दिसत नसेल तर तुटक रेघ, फक्त कुणी सांगितलेलं असेल तर ठिपक्यांची रेघ. कुठल्याही खुणेवर बोट ठेवलं की चौकट उघडते आणि तिच्यात तीन गोष्टी असतात: माहिती कुठून आली, केव्हाची आहे आणि किती खात्रीची आहे. हे तीन रकाने भरल्याशिवाय एकही खूण नकाशात घ्यायची नाही, हे विद्यार्थ्यांनीच फळ्यावर लिहून ठेवलं.

ओढ्याच्या पूर्वीच्या वाटेसाठी जुने नकाशे नव्यावर बसवणं हे सर्वांत वेळखाऊ काम. जुन्या नकाशाची स्कॅन केलेली प्रत घ्यायची आणि त्यातल्या ओळखीच्या जागा आजच्या नकाशातल्या त्याच जागांशी जोडायच्या. त्यासाठी न हललेल्या जागा लागतात. पर्वतीचं देऊळ, शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, ओंकारेश्वर, विश्रामबागवाडा. रस्त्याचे कोपरे चालत नाहीत, कारण रस्ते रुंद झाले आहेत. नदीचा काठ तर मुळीच नाही. खुणा सगळ्या बाजूंना पसरलेल्या हव्यात. एका कोपऱ्यात गर्दी केली तर तो कोपरा बरोबर बसतो आणि समोरचा वेडावाकडा होतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटबाबत आणखी एक बाब आहे. त्या एव्हरेस्ट नावाच्या जुन्या मोजणीवर आधारलेल्या आहेत आणि आजचे मोबाइल वेगळ्या मोजणीवर चालतात. हा फरक न सांगता जुनी शीट तशीच ठेवली, तर पुण्यात सगळं शंभरेक मीटर सरकतं. शंभर मीटर म्हणजे ओढा एका सोसायटीतून उचलून दुसऱ्या सोसायटीत.

अंतर मोजतानाही असंच भान ठेवावं लागतं. वेब नकाशे ज्या पद्धतीने गोल पृथ्वी सपाट करतात, त्यात विषुववृत्तापासून दूर जावं तसं सगळं मोठं होत जातं. पुण्याच्या अक्षांशावर ही वाढ साडेपाच टक्क्यांच्या आसपास आहे. दहा किलोमीटरचा नळ सपाट नकाशावर तसाच मोजला तर साडेदहा भरतो. म्हणून मोजमाप यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या ४३ व्या पट्ट्यात करायचं आणि दाखवायचं वेबच्या पद्धतीत, अशी शिस्त पाळली. अक्षांश-रेखांशाच्या क्रमाचंही तेच. नकाशाची माहिती साठवणारी जिओजेसन फाइल रेखांश आधी मागते, लीफलेट अक्षांश आधी. क्रम उलटा झाला तर पुणं नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जाऊन पडतं. एवढी मोठी चूक लगेच दिसते. शंभर मीटरची दिसत नाही, म्हणून तिच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

तिसरा थर १९६१ चा. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही गेली आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. या पुराच्या पातळीच्या खुणा शहरात काही ठिकाणी अजून आहेत आणि पुण्यातल्या जुन्या घरांमध्ये "पाणी इथवर आलं होतं" असं दाखवणारं कुणी ना कुणी असतं. आम्ही त्या खुणा ठिपके म्हणून घेतल्या. त्या जोडून पुराची एक अखंड हद्द काढायचा मोह झाला, पण दोन खुणांच्या मध्ये जे माहीत नाही ते रंगवलं नाही. त्याच थरात पुनर्वसनाच्या वसाहतीही घेतल्या. पुरात घरं गेलेल्यांसाठी गोखलेनगर, सहकारनगर असे भाग वसले.

चौथा थर २०१९ चा. यासाठी ओढ्याच्या काठाने चालावं लागलं. अरण्येश्वरच्या बाजूला एका चाळवजा घराच्या भिंतीवर मातीची रेघ होती. खाली गुळगुळीत करडी, वर मूळचा पिवळा रंग, आणि दोन्हींच्या मध्ये सुकलेल्या गाळाची काठ धरलेली पट्टी. घरातल्या ताईंनी रंग द्यायला आलेल्या माणसाला ती जागा सोडायला सांगितली होती. त्या म्हणाल्या, "कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी पाहिजे ना. तोंडाने सांगितलेलं कोण मानतं?" आम्ही जोत्यापासून रेघेपर्यंत टेप धरला, जोत्याची रस्त्यापासूनची उंची वेगळी घेतली, फोटोत टेपचे आकडे येतील असं पाहिलं आणि तारीख घातली. पुराची खूण अशीच नोंदवावी लागते. नुसती जागा पुरत नाही, उंची लागते, आणि उंची कशापासून मोजली तेही लागतं.

मग चारही थर एकमेकांवर ठेवले. आधी क्रम लावावा लागला. लीफलेटमध्ये नंतर घातलेला थर वर बसतो. पसरट भाग वर आले तर खालच्या ठिपक्यांवर बोट ठेवता येत नाही. म्हणून खाली उतार, त्यावर वसाहतींचे भाग, त्यावर ओढे आणि नळ, सगळ्यात वर हौद आणि पुराच्या खुणा. प्रत्येक थराला फिकं-गडद करायची सरकपट्टी दिली. आता १९६१ चा थर लावून त्यावर २०१९ चा लावला, की मुठेच्या पुराने उठवलेल्या माणसांना जिथे वसवलं, त्या सहकारनगरच्या सखल बाजूलाच आंबील ओढ्याच्या पुराच्या खुणा दाटलेल्या दिसतात. सगळं सहकारनगर बुडालं असं नव्हे. बराच भाग चढावर आहे आणि तो कोरडा राहिला. पण एका पुरातून वाचलेल्या कुटुंबांची पुढची पिढी अठ्ठावन्न वर्षांनी दुसऱ्या पाण्याच्या काठाशी सापडली. हे दोन पूर पुण्यात वेगवेगळे सांगितले जातात. एकाच पडद्यावर ठेवल्यावर ते एका शहराच्या एकाच सवयीचे वाटतात. माणसं नदीपासून हलवली, पण नवी जागा निवडताना ओढा मोजला नाही.

नकाशा लोकांना दाखवायला लागलो तेव्हा सगळ्यांचा हात पहिल्यांदा एकाच गोष्टीकडे गेला. दोन बोटांनी मोठा करायचा, अजून मोठा करायचा, आपली इमारत शोधायची. एका बैठकीत एका गृहस्थांनी मोबाइल पुढे करून विचारलं, "ही रेघ आमच्या पार्किंगमधून जाते. म्हणजे आमची बी विंग ओढ्यात आहे का?" ते ज्या रेघेकडे बोट दाखवत होते ती १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावरून घेतली होती. त्या नकाशात अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर पंचवीस मीटर रुंद असते. तिच्यावरून एका विंगचा निकाल देता येत नाही. मी त्यांना तेच सांगितलं आणि जलसंपदा विभागाच्या पूररेषांचा अर्थही सांगितला. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इमारतीपुरतं उत्तर हवं असेल तर ते प्रत्यक्ष मोजणीतूनच मिळतं.

त्या बैठकीनंतर आम्ही प्रत्येक थराला मोठं करण्याची मर्यादा घातली. ज्या प्रमाणावरून माहिती घेतली, त्याच्या पलीकडे गेलं की तो थर नाहीसा होतो आणि खाली सूचना येते की इतक्या जवळून बघण्याएवढी ही माहिती बारीक नाही. टेपने मोजलेल्या २०१९ च्या खुणा मात्र शेवटपर्यंत दिसतात. काहींना हे आवडलं नाही. रेघ असताना ती का लपवता, असं त्यांनी विचारलं. मला हा नकाशातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय वाटतो. पूररेषेच्या भरवशावर कुणी घर विकतो, कुणी घेतो, कुणी रात्रभर जागा राहतो. ज्या रेघेला पंचवीस मीटरचं भान आहे, तिने पाच मीटरची खात्री देऊ नये. नकाशा करणाऱ्याची पहिली जबाबदारी रेघा वाढवण्याची नाही. प्रत्येक रेघ किती सांगू शकते, हे रेघेबरोबरच सांगण्याची आहे.

हे काम करायला मोठं कार्यालय लागत नाही. एक संगणक, काही मोबाइल, एक मीटर टेप आणि चालायची तयारी एवढं पुरतं. पुण्यात आंबील ओढ्याशिवाय नागझरी आहे, रामनदी आहे, देवनदी आहे. सांगली, कोल्हापूर, चिपळूण, महाड इथल्या लोकांना तर पुराच्या पाण्याची उंची घराघरांत ठाऊक आहे. ती त्यांच्या आठवणीत आहे तोवर नकाशात यायला हवी. शाळा-महाविद्यालयांच्या भूगोल विभागांनी, गणेश मंडळांनी, सोसायट्यांनी आपापल्या ओढ्याचा एक थर तरी करावा. खूण दिसली की उंची मोजा, कशापासून मोजली ते लिहा, तारीख घाला, सांगणाऱ्याला विचारून त्याचं म्हणणं नोंदवा आणि खात्री किती तेही लिहा. भिंतीवरच्या खुणा दोन-तीन पावसाळ्यांत धुऊन जातात किंवा रंगाखाली जातात, म्हणून हे काम येत्या दिवाळीच्या रंगरंगोटीच्या आधी करायला हवं.